कोमो राहू द्या, इझेओला जा: मोन्ते इझोला बेटावरचा एक गुरुवार

मिलानला लेकीकडे जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोमो केलंत ना?" केलं. कोमो म्हणजे मिलानजवळचं नावाजलेलं तळं. जो फोटो सगळ्यांकडे असतो तो आमच्याकडेही आहे: तिथल्या बेलाज्यो गावची पायऱ्यांची गल्ली, मागे तळं, पुढे आम्ही पाच जण आणि फोटोत फुकट आलेली आणखी चाळीसएक माणसं. कोमो सुंदर आहे, वादच नाही. पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातसुद्धा बोटीच्या रांगेत आईला पाऊण तास उभं राहावं लागलं. रात्री पायमोजे काढता काढता ती म्हणाली, "इथं राहतं कोण गो? सगळी आपल्यासारखीच आलेली दिसली."

दोन दिवसांनी इझेओच्या तळ्यावर तिला राहणारी माणसं भेटली. म्हणून हे लिहायला बसले. मराठीत या तळ्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

आधी आमचं सांगते, म्हणजे कुणाच्या चष्म्यातून बघताय ते कळेल. मी बँकेतून निवृत्त, ठाण्याला राहते. नवरा, अकरावीतला धाकटा, मिलानला शिकणारी थोरली, आणि शहात्तर वर्षांची माझी आई. आईचा जन्म अर्नाळा किल्ल्यावरचा. किल्ल्यावरचा म्हणजे खरोखर किल्ल्याच्या बेटावरचा, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीने जावं लागतं तिथला. तिच्या लहानपणी धक्का वगैरे काही नव्हतं. लुगडं वर खोचून कंबरभर पाण्यात उतरायचं आणि होडी धरायची. तिचे वडील डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, लावायचे, बायका वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील सुकवायच्या. तेव्हा पाण्यापलीकडच्या गावाचं तिला अप्रूप नाही. उलट तिला अशा गावाची परीक्षा घेता येते, आणि ती घेते.

बेत लेकीचा. इझेओ हे मिलानच्या पूर्वेला, ब्रेशा शहराच्या वायव्येला. कोमो आणि गार्दा ही दोन मोठी नावाजलेली तळी दोन बाजूंना आणि मध्ये हे लांबट, दुर्लक्षित भावंड. दुर्लक्षित म्हणजे आपल्याकडून. इटालियन माणसं रविवारी भरभरून येतात, त्यामुळे रविवार टाळा. या तळ्याच्या ऐन मधोमध मोन्ते इझोला नावाचं बेट आहे. नावाचा अर्थच 'डोंगर-बेट'. साडेचार चौरस किलोमीटरचं, कडेने चालत फिरायचं तर नऊएक किलोमीटर, आणि मधला डोंगर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर. इटलीतल्या तळ्यांमधलं हे सगळ्यात मोठं बेट. बेटावर मोटारगाड्यांना बंदी. रहिवाशांना स्कूटर चालवता येते, पाहुण्यांनी पायी, सायकलवर किंवा गावच्या छोट्या बसने फिरायचं.

एका टूरवाल्याला विचारून पाहिलं होतं. पाच जणांच्या गाडीचा त्याने जो आकडा सांगितला त्यात ठाण्यातलं सगळं घर घेऊन दापोलीला चार दिवस राहून आलो असतो. मग रेल्वेच बरी. मिलान सेंट्रलहून साध्या गाडीने सव्वा तासात ब्रेशा, तिथे गाडी बदलून एदोलोकडे जाणारी छोटी गाडी आणि पाऊण तासाच्या आत सुल्झानो. कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या यंत्रात ते घालून शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड बसतो. आम्ही विसरणारच होतो. ब्रेशाच्या फलाटावर एका सरदारजींनी नवऱ्याच्या हातातलं तिकीट बघून लांबूनच ओरडून सांगितलं, तेही हिंदीत. या सपाट मुलखातल्या गाईंच्या गोठ्यांत पंजाबी माणसं कितीतरी वर्षं काम करतायत, चीजसाठीचं दूध काढायला पहाटे तीच उठतात, हे लेकीने सांगितलं होतं. पण ऐन गरजेला पगडी दिसेल असं वाटलं नव्हतं. त्यांची गाडी आली आणि ते गेले, चहाचं विचारायचंही राहिलं.

छोट्या गाडीत डाव्या हाताच्या खिडक्या पकडा. इझेओ गाव आलं की तळं सुरू होतं आणि मग रूळ पाण्याला चिकटूनच जातात. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी. या मार्गावर हायड्रोजनच्या गाड्या आणायचं काम चालू आहे, असं धाकट्याने कुठेतरी वाचलं होतं आणि ते त्याने आम्हाला ब्रेशा ते सुल्झानो अखंड ऐकवलं.

सुल्झानो स्टेशनपासून उतारावर पाच मिनिटं चाललं की धक्का. बोट दर वीसेक मिनिटांनी सुटते आणि पलीकडे पाच मिनिटांत पोचते. गावकऱ्यांची ही रिक्षाच म्हणा ना. आमच्याबरोबर भाजीच्या पिशव्या होत्या, एक कुत्रा होता, दप्तरवाली दोन पोरं होती आणि गॅसचा बंब घेऊन निघालेला एक माणूस होता. कोमोला बोटीत सगळ्यांच्या हातात मोबाईल होते. इथे अर्ध्या लोकांनी खिडकीबाहेर मान वळवूनही पाहिलं नाही. खलाशाने आईला चढवायला हात पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलं, बोटीच्या कडेकडे पाहिलं, हेलकावा खाली जाऊन वर यायची वाट पाहिली आणि हात न धरता आत आली. तो काहीतरी म्हणाला. लेकीने सांगितलं, "म्हणतोय, यांना शिकवायची गरज नाही."

बोटीची वाट पाहताना कॉफी प्यायलो, तिथे भिंतीवर एक मोठा फोटो होता: निळ्या पाण्यावर केशरी-पिवळा रस्ता आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसं. 2016 च्या जूनमध्ये क्रिस्टो नावाच्या कलावंताने सुल्झानोपासून बेटापर्यंत आणि तिथून शेजारच्या सान पाओलो या चिमुकल्या बेटाभोवती तरंगता रस्ता घातला होता. तीन किलोमीटर लांब, सोळा मीटर रुंद, प्लास्टिकचे दोन लाख वीस हजार ठोकळे आणि त्यावर कापड. फक्त सोळा दिवस ठेवला, तिकीट नाही. बारा लाखांच्या आसपास माणसं चालून गेली आणि मग सगळं उचलून नेलं. आता खूण म्हणून काही नाही. कॉफी देणाऱ्या बाईंना विचारलं तर त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. तेवढ्यावरून अंदाज आला.

बोट लागते ते गाव पेस्किएरा माराल्यो. पाण्याकाठी एक ओळ घरं, मागे दगडी बोळ इतके अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी-चमच्याची देवाणघेवाण व्हावी. बोळातून भोंगा वाजवत तीनचाकी आपे आली, मागे सिमेंटच्या गोण्या. नवऱ्याला इटलीत आल्यापासून पहिल्यांदा घरचं माणूस भेटलं. त्याचं आजोळ बारामतीकडचं, आणि आपे बारामतीच्या कारखान्यात बनते हे तो कुणालाही कधीही सांगू शकतो.

आता ज्यासाठी जायचं ते. धक्क्यापासून दोनच मिनिटं काठाने चाललो तर पाण्याकडेला लाकडी चौकटी, त्यांत वाकवलेल्या काठ्यांच्या कमानी आणि कमानींवर दोऱ्यात ओवलेले मासे. चांदीसारखे, वीतभर, पाठीकडून जरा काळवंडलेले. आई जागच्या जागी थांबली. मग जवळ जाऊन, कुणाला काही न विचारता, एका माशाच्या पोटाला अंगठ्याने दाबून पाहिलं. मी म्हणाले, "आई, हात नको लावू." ती म्हणाली, "अजून ओला हाय. ह्याला वारा आणखी लागंल." नंतर वास घेतला. मग दोरा पाहिला. बोंबील टांगताना आपल्याकडे एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी करतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, दोरा लागतच नाही. इथे डोक्यापाशी दोरा ओवला होता. "ह्याचं तोंड लहान, अडकणार नाय," असा तिने स्वतःच निकाल दिला.

तेवढ्यात आतून एक गृहस्थ बाहेर आले. साठीचे, रबरी बूट. मला वाटलं रागावणार. त्यांनी आईचा अंगठा पाहिला होता. त्यांनीही पुढे होऊन शेजारच्या माशाला अंगठा लावला आणि दोन बोटं वर करून दाखवली. लेकीने विचारलं तेव्हा कळलं, आणखी दोन आठवडे. आईने मान हलवली. म्हणजे पटलं.

पुढचा अर्धा तास लेक दुभाषी आणि आम्ही प्रेक्षक. या माशाला ते सार्डिना म्हणतात, पण ही समुद्रातली तारली नाही. ती तळ्यातली, गोड्या पाण्यातली मासळी, तारलीची लांबची बहीण म्हणा. धरायची थंडीत. रात्री जाळं टाकायचं, पहाटे काढायचं. पोट साफ करून दोन दिवस मिठात, मग या कमानींवर महिना-सव्वा महिना वाऱ्यावर. नंतर डब्यात एकावर एक रचून, वरून दाब देऊन चरबी बाहेर काढायची आणि तेलात बुडवून पुन्हा काही महिने ठेवायचे. आईला महिनाभर वाळवणं पटेना. आमचा बोंबील चार-पाच कडक उन्हांत वाजतो, म्हणाली. लेकीने सांगितल्यावर त्या गृहस्थांनी आकाशाकडे बोट दाखवलं. खरंच होतं, उत्तरेच्या डोंगरांवर अजून बर्फ होतं आणि आम्ही सगळे स्वेटरात. तेलात ठेवायचं मात्र तिला आवडलं. "आपण बरणीत मीठ घालून ठेवतो तसंच, पण ह्यांच्याकडं तेल मेलं स्वस्त."

मी सुक्या मासळीच्या वासात वाढले आणि आयुष्यभर तो वास लपवत आले. बँकेत डबा उघडताना खिडकीजवळ बसायचे. सोसायटीत सुकट भाजायची तर आधी शेजारच्या घरचा उपास बघून. आणि इथे तीच मासळी ऐन समोरच्या काठावर, लोक कॅमेरे लावून उभे, आणि दुकानात तिचं पाकीट इतक्या युरोंना की मी रुपयांत गुणाकार करायचा सोडून दिला. असो.

बेटाचा दुसरा जुना धंदा जाळ्यांचा. शेकडो वर्षांपासून इथे जाळी विणतात. पूर्वी बायका दारात बसून विणायच्या, मग यंत्रं आली, आता मासेमारीच्या जाळ्यांबरोबर फुटबॉलच्या गोलपोस्टची, टेनिसची जाळी आणि झोपाळे बनतात. पेस्किएरात जाळ्यांचं एक दुकान दिसलं म्हणून शिरलो. भिंतीला सगळीकडे जाळी, कोपऱ्यात एक आजी स्टुलावर बसून झोपाळ्याची कड बांधत होत्या. हातात विणायची सुई. लांबट, चपटी, पोटात जीभ असलेली, जिच्यावर दोरा भरतात ती. अगदी तीच. माझ्या आजोळी ओसरीच्या वाशात खोचलेली असायची. आजोबांची लाकडाची होती, ही प्लास्टिकची, पण आकारात सुताचा फरक नाही.

आईने भिंतीवरच्या एका जाळ्याच्या आसात दोन बोटं घातली. आस म्हणजे जाळ्याचं भोक. त्याच्या मापावरून कुठला मासा राहणार आणि कुठला सुटणार ते ठरतं. "ही त्या माशाची," ती म्हणाली. लेकीने विचारून घेतलं. बरोबर निघालं, सार्डिनाचंच जाळं होतं. मग त्या आजींनी सुई पुढे केली. मला वाटलं, आई नको म्हणेल, पन्नास वर्षं तिने जाळ्याला हात लावलेला नाही. तिने सुई घेतली, डाव्या अंगठ्याखाली दोरा दाबला, फास टाकला, ओढला. पहिली गाठ सरकली. दुसरी बसली. तिसऱ्यापासून हाताला रस्ता सापडला. पाच गाठी झाल्या आणि तिने सुई परत दिली. आजींनी गाठींवरून नख फिरवलं, मग पहिली सरकलेली गाठ तेवढी सोडवून पुन्हा मारली. एक शब्द बोलल्या नाहीत. आईला याचं अजिबात वाईट वाटलं नाही. "सरकली होतीच ती," म्हणाली. आम्ही तिथून एक झोपाळा घेतला, तो ठाण्याच्या बाल्कनीत मावत नाही.

या नादात दोन वाजले आणि जेवणाची तारांबळ उडाली. हे नीट वाचा, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर विशेष: इटलीच्या खेड्यात दुपारचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं, मग थेट संध्याकाळी सात. एका ठिकाणी बसलो. आई थोडंसंच खाते, तिच्या-माझ्यात एक ताट घेऊ म्हटलं, तर वाढणाऱ्या मुलाने माणशी एक पदार्थ घ्यावाच लागेल असं सुनावलं. नियम असेल, नाही म्हणत नाही, पण सांगायची तऱ्हा अशी की आई खुर्ची मागे सारून उठलीच. तिथे पंधरा मिनिटं गेली. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी घड्याळ पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आत जाऊन स्वयंपाक्याशी भांडून आल्या. निदान आवाजावरून भांडणच वाटलं.

मागवली अर्थात तीच सार्डिना. निखाऱ्यावर जरा गरम करून, वर ऑलिव्ह तेल, लसूण, कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली, आणि बाजूला पोलेंता. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, दुसरं काही नाही. आईने एक घास घेतला आणि "ही तर उकड" म्हणून पुढची सूत्रं हाती घेतली: मासळीचा काटा काढून तुकडा उकडीत दाबायचा, तेलात बुडवायचा. चव खारी, तेलकट, खोल. भाजलेल्या सुक्या बांगड्याच्या जवळची पण जास्त मऊ. धाकट्याला झेपली नाही, त्याने पास्ता घेतला. मला विचाराल तर तिखटाची उणीव होती, आणि ती पिशवीतल्या लसणाच्या चटणीने भरून निघाली. मालकीणबाईंनी चटणी बोटावर घेऊन चाखली, डोळे पुसले आणि आणखी एकदा घेतली.

नवऱ्याचा गुरुवार. तीस वर्षं गुरुवारी तो मासळीला शिवत नाही आणि नेमका याच दिवशी आम्ही त्याला माशांच्या बेटावर नेलं. त्याला पोलेंताबरोबर तव्यावर परतलेलं सिल्तर चीज मिळालं. हे इथल्याच तळ्याच्या आणि वरच्या कामोनिका खोऱ्यातलं, गाईच्या दुधाचं, नावाला सरकारी संरक्षण असलेलं चीज. तो खुश होता. चीज विरजायला वासराच्या पोटातलं काय वापरतात ते लेकीला माहीत होतं, पण ती त्या दिवशी गप्प बसली. आता हे वाचून कळेल त्याला. पाच जणांचं बिल शंभर युरोंच्या थोडं वर गेलं. त्यात पाणी विकतचं आणि माणशी 'कोपेर्तो' म्हणजे टेबलावर बसल्याचे पैसे धरलेले. हा इटलीभरचा रिवाज आहे, त्यावरून भांडू नका. आम्ही पहिल्या दिवशी भांडून झालोय.

जेवणानंतर आमच्या दोन टोळ्या झाल्या. बापलेक बसने कूरे या वरच्या वाडीत गेले आणि तिथून पायऱ्या-पायवाट चढून माथ्यावरच्या चेरिओला मातेच्या देवळात. वीसेक मिनिटांची चढण, पण दमवणारी. वरून तळ्याची दोन्ही टोकं दिसतात म्हणे. फोटोत तरी दिसतायत. बसचं वेळापत्रक आधी बघा, एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ ताटकळावं लागतं. त्यांची चुकली, ते उतरताना चालत आले आणि धाकट्याने दुसऱ्या दिवशी जिना चढताना कण्हून दाखवलं.

आम्ही तिघी काठाकाठाने सेन्सोले गावाला गेलो. सपाट रस्ता, वीस-पंचवीस मिनिटं, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऑलिव्हची झाडं. आईचे गुडघे धरून हा रस्ता झाला, यातच सगळं आलं. मध्ये बसायला बाकडी आहेत. समोर डोंगराएवढं तळं. खोली अडीचशे मीटर आहे म्हटल्यावर आईने जरा अविश्वासाने पाहिलं, कारण लाटच नाही. भरती-ओहोटी नाही हेही तिला चमत्कारिक वाटत होतं. "मग ह्यांना कळतं कसं, कधी जायचं ते?" मला उत्तर सुचलं नाही. सेन्सोलेत तसं पाहण्यासारखं काही नाही. चार घरं, दोन हॉटेलं, उन्हात झोपलेली मांजरं.

स्वच्छतागृहाची मात्र बोंब. सोय आहे, पण ती शोधायला लागते, आणि वयस्कर बाई बरोबर असेल तर ती शोधाशोध महागात पडते. शेवटी कॉफी विकत घ्यायची आणि त्या जोरावर आत जायचं. त्या दिवशी आम्ही तिघींनी मिळून सात कॉफ्या घेतल्या.

परत जाताना आल्या वाटेने न जाता कार्झानोहून बोट धरली, ती पलीकडे साले माराझिनोला सोडते. स्टेशनवरची ती पाटी वाचून धाकट्याला जे हसू फुटलं ते ब्रेशा येईपर्यंत थांबलं नाही. तिथे गाडी डोळ्यांदेखत गेली. पुढची तासाने. म्हणून इझेओ गावात उतरून कमानींच्या बाजारात फिरायचा बेत बारगळला. तेवढं गाव आमचं राहिलंय. स्टेशनवर बसायला जागा होती, ऊन होतं, आईने बसल्या बसल्या डुलकी काढली.

कुणी जावं? ज्यांना राजवाड्यासारखे बंगले, बागा, रेशमी रुमाल आणि नटनट्यांची घरं पाहायची आहेत त्यांनी कोमोलाच जावं. इथे त्यातलं काही नाही. मिलानहून जायला-यायला धरून पाच तास प्रवासात जातात, हे सरळ सांगते. बाबागाडी नेलीत तर बोळांतल्या दगडांवर रडकुंडीला याल. पण बरोबर एखादं समुद्राकाठचं माणूस असेल, वर्सोव्याचं, हर्णैचं, मालवणचं, तर डोळे मिटून न्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गुण कॉफ्यांचा कापला.

आम्ही त्या रबरी बुटांच्या गृहस्थांकडून सार्डिनाचं एक पाकीट घेतलं होतं, दहा मासे. दुसऱ्या दिवशी आईने लेकीच्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात त्यातले आठ तव्यावर भाजले, कांदा, मिरची आणि मी ठाण्याहून नेलेल्या कोकमाच्या आगळाबरोबर कुस्करले आणि भाताबरोबर वाढले. लिफ्टमध्ये परवापर्यंत वास होता असं लेकीने नंतर कळवलं. उरलेले दोन आईने चांदीच्या कागदात गुंडाळून तिच्या फ्रीजरमध्ये ठेवले. "आगोटीला राहू दे," म्हणाली. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड, त्यासाठी सुकी मासळी साठवून ठेवायची. लेक म्हणाली, "आजी, इथे कुठली आगोट?"

जुलैत व्हिडिओ कॉलवर आईने पहिला प्रश्न त्या दोन माशांचाच विचारला. लेकीने फ्रीजर उघडून दाखवला. होते दोन्ही.